‘स्वयम्’वरील पहिल्या अभ्यासक्रमासाठी

‘स्वयम्’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन शिक्षण-मंचावरील अभ्यासक्रमाला चित्रफिती, वाचनसाहित्य, स्वयंमूल्यमापन आणि चर्चा अशी चार अंगे असतात, नवे विद्यार्थी बहुधा चित्रफितींवरच विसंबतात आणि माझ्या मते तिथेच त्यांचे मोठे नुकसान होते. घटकाखालचे प्रश्न आधी वाचा, मग मजकूर. प्रत्येक परिच्छेदाचा आशय पडद्यावरून नजर काढून स्वतःच्या मराठीत एका वाक्यात लिहा, मात्र अभ्यासक्रम इंग्रजी माध्यमाचा असल्यास पारिभाषिक संज्ञा इंग्रजीतच शेजारी नोंदवा, कारण परीक्षेत त्याच समोर येतात. लेखी गृहपाठ असेल, तर ‘वर्णन करा’ आणि ‘तुलना करा’ यांतील फरक ओळखल्याशिवाय उत्तराला हात घालू नका. शंका विचारताना घटक कोणता आणि आपल्याला कुठवर समजले, हे पूर्ण वाक्यांत लिहा; वर्गात शिक्षकांना चेहऱ्यावरून कळते ते इथे शब्दांनीच पोहोचवावे लागते.