चेनसॉची चेन घेताना बारच्या इंचांवर जाऊ नका : वाचकांचे प्रश्न

पावसाळ्याआधी घरालगतच्या फांद्या छाटायला सुरुवात झाली की चेनसॉबद्दलची पत्रं वाढतात. यंदा बहुतेकांची तक्रार एकच आहे : नवी चेन आणली, पण ती बसत नाही. त्यातले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत.

माझं ५८ सीसीचं, २२ इंची बारचं मशीन आहे. ‘२२ इंची चेन द्या’ म्हणून दुकानातून चेन आणली. बारच्या खाचेत ती नीट उतरते, पण हाताने ओढली की स्प्रॉकेटपाशी अडकते. मशीन चालू केलं तर धक्के बसतात. जुन्या पाकिटावर ०.३२५ लिहिलं होतं, नव्यावर ३/८ आहे. ताण वाढवून चालेल का? — एक वाचक, देवरुख

नाही चालणार. ही चेन लावून मशीन पुन्हा सुरू करू नका.

बावीस इंच ही बारची, म्हणजे चेन ज्याच्या कडेनं फिरते त्या लांब पट्टीची, लांबी झाली. चेन ठरते ती तीन वेगळ्या आकड्यांवर : पिच, गेज आणि ड्राइव्ह लिंकची संख्या. ड्राइव्ह लिंक म्हणजे चेनच्या पोटाकडचा, बारच्या खाचेत उतरणारा टोकदार दात. त्या दाताची जाडी म्हणजे गेज. तुमच्या दोन्ही चेनचं गेज सारखं असणार, म्हणूनच नवी चेन खाचेत सहज उतरली आणि फसगत झाली. फरक पिचमध्ये आहे. एका ड्राइव्ह लिंकपासून पुढचीपर्यंतच्या अंतराचं निम्मं म्हणजे पिच. पिच आणि गेजचे हे आकडे इंचांत असतात.

०.३२५ पिचच्या चेनमध्ये एका ड्राइव्ह लिंकपासून पुढची साधारण १६.५ मिमीवर येते. ३/८ पिचमध्ये तेच अंतर १९.०५ मिमी असतं. क्लचच्या ड्रमवरचं स्प्रॉकेट, म्हणजे चेन ओढणारं दातेरी चाक, १६.५ मिमीच्या हिशेबानं कापलेलं आहे. त्यामुळे पहिला दात बरोबर बसतो, दुसरा अडीच मिमी पुढे पडतो आणि तिसरा पाच मिमी सरकून थेट स्प्रॉकेटच्या दातावर चढतो. तुम्हाला जाणवतो तो धक्का याचाच. ताण वाढवला तर चेन अधिक जोरानं चढेल, स्प्रॉकेटचे दात सोलून निघतील आणि पूर्ण वेगात असताना चेन उसळून सुटू शकते. बारच्या टोकाला चाक असेल तर त्याचेही दात ठरावीक पिचचेच असतात, तेही खराब होईल.

बाजारातल्या बहुतेक २२ इंची, ५८ सीसी मशीनला ०.३२५ पिच, ०.०५८ गेज आणि ८६ ड्राइव्ह लिंकची चेन लागते. तरीही पाकीट फोडण्याआधी आपल्या बारवर कोरलेले आकडे वाचा. स्प्रॉकेटजवळच्या टोकाला ते असतात. भुसा आणि तेल पुसलं की दिसतात.

बारवरचे आकडे झिजून गेलेत. पट्टीनं दोन रिव्हेटमधलं अंतर मोजलं तर एका जागी कमी, दुसऱ्या जागी जास्त येतं. पिच मोजायचं कसं? — एक वाचक, अकोले

तुमचं मोजमाप चुकलेलं नाही. चेनचे रिव्हेट मुळात समान अंतरावर नसतातच. ड्राइव्ह लिंकमधल्या दोन भोकांचं अंतर वेगळं, आणि कटर (लाकूड कापणारा धारेचा दात) किंवा बाजूच्या जोडपट्टीतल्या भोकांचं वेगळं. म्हणून पिच मोजायची रीत अशी : लागोपाठचे तीन रिव्हेट घ्या, पहिल्याच्या मध्यापासून तिसऱ्याच्या मध्यापर्यंत मोजा आणि त्याचं निम्मं करा.

तीन रिव्हेटमधलं हे अंतर १२.७ मिमी आलं तर पिच १/४ इंच. १६.५ आलं तर ०.३२५, १९.०५ आलं तर ३/८, आणि २०.५ आलं तर ०.४०४. सुतारकामाच्या भाषेत १/४ म्हणजे दोन सूत आणि ३/८ म्हणजे तीन सूत. ०.३२५ मात्र सुतात बसत नाही, आणि साध्या पट्टीनं गोंधळ होतो तो याच चेनमध्ये.

व्हर्नियर नसेल तर आमचा सल्ला असा : तीनऐवजी अकरा रिव्हेट मोजा. चेन मशीनवरून काढा, टेबलावर सरळ ताणून ठेवा आणि पहिल्याच्या मध्यापासून अकराव्याच्या मध्यापर्यंत पट्टी लावा. मधे दहा पिच येतात. ०.३२५ च्या चेनला साधारण ८२.५ मिमी येईल, ३/८ ला ९५ च्या थोडं वर, ०.४०४ ला १०२.६. एवढ्या फरकात पट्टी एखादा मिमी चुकली तरी निर्णय चुकत नाही.

जुनी चेन थोडी जास्त भरते. लोक म्हणतात चेन ‘लांबली’, पण लोखंड ताणलं जात नाही. रिव्हेट आणि भोकं झिजून सांध्यांत ढिलाई येते. दहा पिचमागे एकच मिमी वाढला, तरी ८६ ड्राइव्ह लिंकच्या, म्हणजे १७२ पिचच्या चेनमध्ये मिळून १७ मिमी होतात. ताणाचा स्क्रू शेवटापर्यंत जातो आणि चेन तरी लोंबते, ती यामुळे. अशा चेनचा पिच प्रत्यक्षात वाढलेला असतो आणि ती स्प्रॉकेटलाही खाते. स्प्रॉकेटच्या दातावर अर्धा मिमी खोल खाच दिसली की ते बदला. झिजलेल्या स्प्रॉकेटवर नवी चेन घालणं म्हणजे चेनचे पैसे वाया घालवणं.

चेनवरच्या खुणाही बघा. ओरेगॉन कंपनीच्या चेनवर ड्राइव्ह लिंकवर आकडा ठोकलेला असतो : २०, २१, २२ म्हणजे ०.३२५ पिच, आणि गेज अनुक्रमे ०.०५०, ०.०५८, ०.०६३. ७२, ७३, ७५ म्हणजे ३/८ पिच, गेज त्याच क्रमानं. स्टिल (Stihl) कंपनीच्या चेनवर कटरच्या पुढच्या उंचवट्यावर एक अंक असतो : २ म्हणजे ०.३२५, ३ म्हणजे ३/८, ४ म्हणजे ०.४०४, आणि ६ म्हणजे ३/८ लो प्रोफाइल.

लहान १६ इंची मशीनसाठी दुकानदार विचारतो, ‘३/८ साधी की लो प्रोफाइल?’ पिच तीच असेल तर फरक काय? — एक वाचक, सावंतवाडी

पिच तीच, पण बाकी जवळजवळ सगळं वेगळं. लो प्रोफाइलचे कटर बुटके आणि लहान असतात, खाप अरुंद पडते, इंजिनाला कमी ताकद लागते आणि बार उलटा उसळण्याचा धोकाही कमी राहतो. म्हणून घरगुती, ३० ते ४० सीसीच्या मशीनला हीच चेन येते. ड्राइव्ह लिंकचा आकारही वेगळा असल्यामुळे दोन्हींची स्प्रॉकेटं वेगळी. साधी ३/८ लहान मशीनवर चढवली तर ती नीट बसत नाही आणि इंजिन दमतं. लो प्रोफाइल मोठ्या मशीनवर लावली तर तिला तो जोर सोसत नाही. ओरेगॉनची ९१ किंवा ९० आकड्याची चेन, स्टिलची ६ अंकाची चेन म्हणजे लो प्रोफाइल. दुकानात जाताना जुनी चेन सोबत न्या, हे सगळ्यात खात्रीचं.

०.०५८ ची चेन मिळत नाही. ०.०५० ची घातली तर? आणि ड्राइव्ह लिंक नेमक्या कशा मोजायच्या? — एक वाचक, पुसद

०.०५० म्हणजे १.३ मिमी, ०.०५८ म्हणजे १.५. फरक दोन दशांश मिमीचा, पण तेवढ्यानं चेन खाचेत कलते. काप तिरका जातो आणि बारची एक कड दुसरीपेक्षा लवकर झिजते. ०.०६३, म्हणजे १.६ मिमीची, खाचेत उतरणारच नाही. ती उतरावी म्हणून ड्राइव्ह लिंक घासू नका. गेज मोजायचं ते ड्राइव्ह लिंकच्या जाडीवर. बारची खाच वापरानं वरच्या बाजूला रुंदावते, त्यामुळे तिथलं माप फसवं येतं.

मोजणीसाठी एका ड्राइव्ह लिंकवर खडूची खूण करा आणि फक्त पोटाकडचे टोकदार दात मोजत पुन्हा खुणेपर्यंत या. कटर किंवा रिव्हेट मोजू नका. चेन हाताळताना जाड हातमोजे घाला, आणि ती मशीनवर असेल तर आधी स्पार्क प्लगची टोपी काढून ठेवा.

०.३२५ ऐवजी ३/८ लावली तर लाकूड लवकर कापेल का? — एक वाचक, चिपळूण

कागदावर हो. सात दातांचं स्प्रॉकेट एका फेऱ्यात ०.३२५ ची चेन ११५.६ मिमी ओढतं, ३/८ ची १३३.४ मिमी. मिनिटाला १०,००० फेरे धरले तर सेकंदाला १९.३ मीटर आणि २२.२ मीटर. पण हा वेग फेरे टिकले तरच. ३/८ चा कटर मोठा, प्रत्येक कटर जास्त लाकूड उचलतो, आणि सुक्या बाभळीत ५८ सीसीचं इंजिन फेरे सोडतं. शिवाय चेन, स्प्रॉकेट आणि चाकाच्या टोकाचा बार, तिन्ही बदलावे लागतात. हा खर्च करू नये असंच आमचं मत. त्यापेक्षा योग्य कानशीनं धार ठेवा : ०.३२५ ला ४.८ मिमीची गोल कानस, ३/८ लो प्रोफाइलला ४ मिमी, साध्या ३/८ ला ५.५ किंवा ५.२ मिमी, चेनच्या कंपनीनं सांगितली असेल ती. कटरपुढचा उंचवटा धारेपेक्षा ०.६५ मिमी खाली असावा. तो नुसत्या अंदाजानं घासू नका, डेप्थ गेजची पट्टी लावूनच घासा. जास्त खाली गेला तर चेन लाकडात रुतते आणि मशीन हातातून ओढलं जातं.