पावसाळ्यातील रत्नागिरीसाठी सामान

प्रश्न : बदलीमुळे जून ते सप्टेंबर नागपूरहून रत्नागिरीस राहावे लागणार आहे. कोणते कपडे न्यावेत?

उत्तर : नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात घाम लगेच उडून जातो, रत्नागिरीच्या पावसाळ्यात मात्र हवेतच इतके बाष्प असते की घाम अंगावर राहतो आणि दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस ओलसर राहतात, म्हणून जाड जीन्स व टर्किश टॉवेल घरीच ठेवून पातळ सुती सदरे, चटकन वाळणाऱ्या मिश्र धाग्याच्या विजारी आणि दोन-तीन पंचे घ्यावेत. चामड्याचे बूट, पट्टा, पाकीट यांवर बुरशी चढते. रबरी चपलाच बऱ्या. मूळ कागदपत्रे घट्ट झाकणाच्या डब्यात, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावीत. छत्री मात्र तिथेच घ्यावी. नागपुरी छत्री समुद्रावरच्या वाऱ्यात पहिल्याच आठवड्यात उलटी होण्याची शक्यता अधिक.