मुंबई-गोवा महामार्गाचा क्रमांक १७ की ६६?

दोन्ही एकाच रस्त्याचे. २०१० मध्ये देशभरातल्या राष्ट्रीय महामार्गांना नवे क्रमांक मिळाले, तेव्हा १७ चा ६६ झाला. आमच्याकडची जुनी माणसं अजून 'सतरा नंबर'च म्हणतात. हा गोव्यात संपत नाही बरं का. पनवेलहून निघून कारवार, मंगळूर, कोची करत थेट कन्याकुमारीला जातो.

कोकणातला रस्ता मुळात दोन पदरी, घाटाघाटातून वळणं घेत गेलेला. पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरचं चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं आणि रखडण्यासाठीच प्रसिद्ध झालं. दर गणपतीला वडखळ-माणगावची कोंडी ठरलेली.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी कमानींचा पूल पुरात कोसळला. दोन एसटी बस वाहून गेल्या. नवा पूल मात्र जून २०१७ मध्येच खुला झाला. म्हणजे मनावर घेतलं तर काम होतं!

आता कशेडीला बोगदा झालाय. पोलादपूर-खेड दरम्यानची ती पोटात ढवळणारी वळणं त्यामुळे टळतात.