घोडा जी५ वर आला की काय करावं?

प्रश्न: बुद्धिबळात काळ्या मोहऱ्यांनी मी टू नाइट्स बचाव (दोन्ही घोडे लवकर बाहेर काढणारी सुरुवात) खेळतो. स्पर्धेत चौथ्या खेळीला पांढरा घोडा जी५ वर येतो. मी डी५ खेळतो, तो प्यादं मारतो, मी घोड्याने परत मारतो आणि डाव कोसळतो. असं का?

उत्तर: १. ई४ ई५ २. घोडा एफ३ घोडा सी६ ३. उंट सी४ घोडा एफ६ ४. घोडा जी५ डी५ ५. ई×डी५ (× म्हणजे मारणं) इथपर्यंत तुमचं बरोबर आहे. पण लगेच घोड्याने डी५ मारलंत की ६. घोडा×एफ७! वजीर आणि हत्ती दोघांवर एकदम हल्ला, त्यामुळे राजाने मारावंच लागतं. ७. वजीर एफ३ शह. डी५चा घोडा राखायचा तर राजाला ई६वर यावं लागतं, आणि ८. घोडा सी३ने त्या जखडलेल्या (हलला तर राजाला शह बसेल अशा) घोड्यावर तिसरा मारा येतो. लगेच मात नाही, पण घड्याळ चालू असताना हा बचाव निभावणं महाकठीण.

त्याऐवजी ५... घोडा ए५ (तीन टिंबं म्हणजे काळ्याची खेळी) खेळा. ६. उंट बी५ शह सी६ ७. डी×सी६ बी×सी६. प्यादं जातं, ते जाऊ द्या. ८. उंट ई२ एच६ ९. घोडा एफ३ ई४: पांढऱ्याचा घोडा पुन्हा पळतो, तुमची मोहरी भराभर बाहेर येतात. उंट ई२ऐवजी ८. उंट डी३ आल्यास ई४ रोखलं जातं. तेव्हा घोडा डी५ खेळा, वजिराचा जी५वर मारा खुला होतो. ए५वरचा घोडा मात्र तिथेच विसरू नका, बी७मार्गे परत आणा.