उतार चढणारा ठोकळा

प्रश्न : मी पदवीच्या पहिल्या वर्षाला आहे. फिजिक्सच्या फायनलला तीन आठवडे उरलेत. सूत्रं पाठ आहेत, सोडवलेली उदाहरणं वाचताना सगळं कळतं. पण पेपर हातात पडला की सुरुवात कुठून करायची तेच सुचत नाही. मिडटर्मला जेमतेम पास झाले. विषय बदलू का?

उत्तर : विषय बदलायचा का, हे परीक्षेच्या तोंडावर ठरवू नकोस. तो निर्णय निकालानंतरही घेता येतो. मला खटकलं ते तुझं दुसरंच वाक्य, ‘वाचताना सगळं कळतं’. अगं, दुसऱ्यानं सोडवलेलं वाचताना कळणारच! इथे न्यूटनचा नियम लावायचा की ऊर्जेची अक्षय्यता, हा अवघड निर्णय तिथे आधीच कुणीतरी घेऊन ठेवलेला असतो. पेपरात तो तुला घ्यावा लागतो आणि नेमका त्याचाच सराव झालेला नाही.

एक गणित बघ. २ किलोचा ठोकळा ३० अंशांच्या उतारावर स्थिर ठेवलाय, स्थितिक घर्षणाचा गुणांक ०.७. घर्षणबल किती? पाठांतराची सवय असलेला हात लगेच ‘म्यू गुणिले नॉर्मल’ लिहितो (म्यू म्हणजे तो गुणांक, नॉर्मल म्हणजे उताराचा ठोकळ्यावरचा लंब दिशेतला रेटा). नॉर्मल साधारण १७ न्यूटन, म्हणून उत्तर ११.९ न्यूटन. आता ठोकळ्याला उतारावरून खाली ओढणारं बल काढ : १९.६ न्यूटन वजनाच्या निम्मं, म्हणजे ९.८. खाली ९.८, वर ११.९. ठोकळा आपणहून उतार चढायला लागला की! (कॉलेजात मीही असाच एक ठोकळा चढवला होता. सरांनी समासात फक्त एक उद्गारचिन्ह काढलं होतं.) ११.९ ही घर्षणाची कमाल मर्यादा आहे. ठोकळा जागेवर राहायला ९.८ पुरतात, म्हणून घर्षण तेवढंच. सूत्र तुला येत होतं. ते ठोकळा घसरायच्या अगदी बेतात असतानाच लागू होतं, हे मात्र सूत्रांच्या यादीत लिहिलेलं नसतं.

तेव्हा उरलेल्या दिवसांत वाचन कमी कर. उदाहरणाचं फक्त विधान वाच, पुस्तक मीट आणि आधी आकृती काढ : वस्तू एकटी, तिच्यावरची सगळी बलं बाणांनी. वीस मिनिटं झगडल्याशिवाय उत्तर उघडायचं नाही. अडलीस तर कुठे अडलीस ते एका ओळीत वहीत लिही. परीक्षेच्या आदल्या दिवशी तीच वही चाळायची.

शिवाय धड्याच्या क्रमानं गणितं सोडवू नकोस. घर्षणाच्या धड्याखालचं गणित घर्षणाचंच असणार, मग ओळखायचं काय राहिलं? चिठ्ठ्या टाकून उचल. टांगलेल्या ठोकळ्यात गोळी रुतते आणि तो झोका घेत वर जातो, हे गणित मुद्दाम कर. रुततानाच्या क्षणापुरता संवेग, त्यानंतर ऊर्जा. टक्करीतच ऊर्जा अक्षय्य धरली की सगळं फसतं.

एककं तपासायची हे तू जाणतेसच. त्याच्या जोडीला आकडे घालण्याआधी सूत्रात कोन शून्य करून बघ, मग नव्वद. सपाट जमिनीवर ठोकळा आपोआप पळत असेल तर सायन-कॉसची अदलाबदल झालीय.

आज रात्री तोच ठोकळा ४० अंशांच्या उतारावर ठेव. तिथे तो घसरेल. का घसरेल ते काढ. मग त्याचं त्वरण काढायला अजून एक आकडा लागतो, तो कोणता ते मला कळव.