मुलगी दिवसभर जुने फिल्म कॅमेरे उघडून बसते, यात करिअर होईल का?

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. बाकी वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. मुलगी एकोणीस वर्षांची, मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. आजोबांचा याशिका इलेक्ट्रो ३५ कपाटात बंद पडला होता, तो तिने उघडला, महिनाभर त्याच्यामागे लागली आणि चालू केला. आता ओळखीचे लोक आपापले जुने कॅमेरे तिच्याकडे आणून देतायत, आणि ती म्हणतीये कॉलेज सोडते, हेच करते. तुमचा प्रश्न असा की हा नुसता नाद आहे की पोटापाण्याचं काम, आणि कंपन्यांनी कधीच बंद केलेल्या वस्तू दुरुस्त करायला शिकून पुढे काय.

आधी त्या याशिकाबद्दल बोलू, कारण तुम्ही लिहिलंय "आतला छोटासा रबर खराब झाला होता, एवढंच". एवढंच नाहीये हो ते! हा कॅमेरा १९६६ मध्ये आला, शटर (फिल्मवर किती वेळ प्रकाश पडेल ते ठरवणारं झाकण) इलेक्ट्रॉनिक, आणि आत एक छोटा रबरी पॅड असतो जो वय झालं की भुगा होऊन जातो. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. फक्त रोल पुढे घ्यायचा लिव्हर फिरवला की जो 'ठक' असा आवाज यायला हवा तो येत नाही, आणि एक्स्पोजरचं, म्हणजे फिल्मवर किती प्रकाश पडेल त्याचं, सगळं गणित बिघडतं. तुमच्या लेकीने तो आवाज येत नाहीये हे ओळखलं आणि तिथून मागे मागे जात पॅडपर्यंत पोचली. जो आवाज होतच नाही तो कानाला खटकणं ही मोठी गोष्ट आहे. आणि तुम्ही पाठवलेल्या फोटोत मी अजून एक बघितलं, सगळ्या स्क्रूंची डोकी शाबूत आहेत. जपानी कॅमेऱ्यांमधले प्लसचे स्क्रू साध्या फिलिप्स ड्रायव्हरने फिरवले की ड्रायव्हर घसरतो आणि डोकं खाल्लं जातं, त्याला जेआयएस म्हणजे जपानी मापाचा ड्रायव्हर लागतो, म्हणजे हे तिने आधी वाचलंय आणि मग हात घातलाय.

आता काम आहे का, तर आहे. कोडॅकने २०१२ च्या जानेवारीत दिवाळखोरी जाहीर केली तेव्हा सगळ्यांनी फिल्म संपली असंच धरलं होतं, मलाही तसंच वाटलं होतं. पण नंतर तरुण मुलं परत फिल्मकडे वळली, लायकाने २०२२ मध्ये एम६ परत आणला, पेंटॅक्सने २०२४ मध्ये पेंटॅक्स १७ नावाचा नवा फिल्म कॅमेरा काढला. तरी नवे कॅमेरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच, त्यामुळे बहुतेक लोक जुनेच घेतात, पेंटॅक्स के१००० (तो १९७६ ते १९९७ एवढी वर्षं बनत होता), कॅनन एई-१, निकॉन एफएम वगैरे. यातला प्रत्येक कॅमेरा कधी ना कधी टेबलावर येणारच. प्रकाश अडवणारा फोम चिकट काळा चिखल होऊन बसतो, लेन्समधलं ग्रीस एक तर घट्ट होतं नाहीतर पातळ होऊन अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर, म्हणजे प्रकाशाचं भोक लहानमोठं करणाऱ्या पात्यांवर, पसरतं, एई-१ तर शटर दाबलं की खोकल्यासारखा आवाज करतो कारण आरशाच्या यंत्रणेतलं गिअर कोरडं पडलेलं असतं. हे सगळं वयाने होतं, म्हणजे कॅमेरे जितके जुने होतील तितकं काम वाढेल.

वाढत नाहीयेत ती काम करणारी माणसं. आणि मला खरं बोलायचंय ते याबद्दलच.

पेंटॅक्सने २०२२ च्या शेवटी फिल्म कॅमेऱ्याचं काम जाहीर केलं तेव्हा त्यांनी एक कारण हेही सांगितलं की फिल्मच्या काळातल्या जुन्या इंजिनिअर्सचं ज्ञान तरुणांकडे जायला हवं. बघा, ज्यांनी हे कॅमेरे बनवले त्या कंपनीलाच ही काळजी आहे. जे मेकॅनिक कंपन्यांच्या सर्व्हिस सेंटरमध्ये तयार झाले ते आता म्हातारे झालेत. सर्व्हिस मॅन्युअल मिळतं, व्हिडिओ मिळतात, पण पिव्हटवर तेल किती लावायचं, शटरच्या पडद्याच्या स्प्रिंगला ताण देताना बोटाला काय जाणवायला हवं, कुठला रिटेनिंग रिंग उलट्या आट्यांचा असण्याची शक्यता आहे म्हणून जोर लावायच्या आधी थांबायचं, हे शेजारी बसूनच कळतं. आम्ही काउन्सेलर लोक सवयीने सांगतो की आधी डिग्री पूर्ण कर, मग छंदाचं बघू. तुमच्या लेकीला मी हे सांगणार नाही. डिग्रीही सोडू नको आणि उस्ताद शोधणंही पुढे ढकलू नको असं सांगेन. कॉलेज दोन वर्षांनीही तिथेच असेल, पण ज्याने चाळीस वर्षं शटर जुळवले त्याचा हात तोवर थरथरायला लागलेला असेल. या सुट्टीतच जायला हवं. आणि जाताना "मला शिकवा" म्हणून जाऊ नये, "फोम खरवडायचं काम द्या, सुटे भाग धुवायचं द्या" म्हणून जावं, स्वतःचा एक मेलेला कॅमेरा बरोबर घेऊन. कंटाळवाणं काम नीट करणाऱ्याला ही माणसं हळूहळू सगळं दाखवतात, असं मी इतर कारागिरीतही पाहिलंय.

डिग्री का सोडायची नाही ते तिलाच वाचून दाखवा. पार्ट्स. कंपन्या पार्ट्स बनवत नाहीत, त्यामुळे आज एक कॅमेरा वाचवायला दुसरा बंद कॅमेरा फोडावा लागतो, आणि असे फोडायला मिळणारे कॅमेरे कमीच होत जाणार. पुढे तडकलेलं प्लॅस्टिक गिअर कॅडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर, काढून थ्रीडी छापणारा नाहीतर मशीनवर करून घेणारा माणूस लागणार आहे, आणि त्याला टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालतो, ते हाडात माहीत असायला हवं. पेंटॅक्सच्या के माउंटमध्ये (लेन्स बसवायच्या त्यांच्या जोडणीत) लेन्सच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचं अंतर ४५.४६ मिलिमीटर धरलेलं असतं, ते थोडंसं जरी हललं तरी दूरचा डोंगर कधीच शार्प येत नाही. शिवाय इलेक्ट्रॉनिक्स. एई-१ मध्ये १९७६ सालीच मायक्रोप्रोसेसर होता, आणि त्यानंतरचे कित्येक कॅमेरे मेकॅनिक हातात घ्यायलाच तयार नसतात कारण सर्किट गेलं की संपलं. जुन्या लाइट मीटरना (कॅमेऱ्यातल्या प्रकाश मोजणाऱ्या भागाला) १.३५ व्होल्टचा मर्क्युरी सेल लागायचा, तो आता मिळत नाही, १.५ चा घातला की मीटर चुकीचं सांगतो, मग एक छोटा डायोड टाकून व्होल्टेज उतरवायचं, ही अशी कामं स्क्रू आणि सोल्डरिंग दोन्ही येणाऱ्याचीच आहेत. तिने कॉलेजचा प्रोजेक्ट यातलाच घ्यावा.

आणि प्रोजेक्ट कुठला ते पण सुचवते, शटर टेस्टर, म्हणजे शटरचा वेग मोजणारं यंत्र. कारण "चालतोय" हा शब्द छंदात ठीक आहे, धंद्यात नाही. एसएलआर कॅमेऱ्यात (ज्यात आरशाने लेन्समधूनच बघतात) फिल्मसमोर दोन पडदे असतात, पहिला उघडत जातो आणि दुसरा मागून झाकत येतो, १/१००० सेकंदाला त्यांच्यामधून फक्त एक बारीक फट सरकते. दोघांचा वेग थोडा जरी वेगळा झाला की फोटोची एक बाजू काळवंडते. डायलवर १/१००० आणि प्रत्यक्षात १/५०० मिळत असेल तर फोटो एक अख्खा स्टॉप ओव्हर, म्हणजे दुप्पट प्रकाश पडलेला, आणि कानाला दोन्ही आवाज सारखेच वाटतात. लाइट सेन्सर आणि छोटा मायक्रोकंट्रोलर घेऊन हे मोजता येतं. तिने अनोळखी लोकांचे दहा कॅमेरे घ्यावेत, प्रत्येक स्पीड दुरुस्तीआधी आणि नंतर मोजून वहीत लिहावा, आणि तीन महिन्यांनी परत बोलावून पुन्हा मोजावा. तीन महिन्यांनंतरही आकडे जागेवर असले तर मी म्हणेन हिच्यात हे करिअर आहे. मेकॅनिकच्या अंगात ही मोजायची शिस्त असावी असं मी म्हणते कारण माझ्याच एका लेन्सवर एकाने तेलाचा स्प्रे मारून दिला होता, दोन आठवडे रिंग लोण्यासारखी फिरली, मग तेल पात्यांवर पसरलं आणि पाती एकमेकांना चिकटून बसली. दुसऱ्या माणसाने सगळं उघडून एकेक पातं धुतलं तेव्हा ती लेन्स वाचली.

नाही म्हणणंही शिकायला लागेल. बुरशीने काचेचं कोटिंग खाल्लं असेल तर पुसून ते परत येत नाही, सेलेनियमचा मीटर मेला असेल तर तो जिवंत होत नाही, हे गिऱ्हाइकाला उघडायच्या आधी सांगायचं.

पैशांचं स्पष्ट सांगते. एका कॅमेऱ्यात अख्खा दिवस जातो आणि सुरुवातीची काही वर्षं फक्त यावर घर चालेल असं धरू नका. पण याला लागून बरंच काम आहे, नीट करून वॉरंटीसह कॅमेरे विकणं, संग्रहालयं आणि संग्राहकांची कामं, मायक्रोस्कोप आणि दुर्बिणी, आणि सिनेमावाले जुन्या फोटोच्या लेन्स नव्या बॉडीत बसवून घेतात ते लेन्स रीहाउसिंग, ज्याला इंजिनिअरच लागतो.

एक काम मात्र तुमच्याकडे, आजच्या आज. फ्लॅश असलेले छोटे कॅमेरे ती उघडत असेल तर थांबवा. त्यातल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास चार्ज असतो आणि बॅटरी काढली तरी तो राहतो. तो रेझिस्टर लावून कसा उतरवायचा आणि मीटरवर शून्य बघितल्याशिवाय आत बोट घालायचं नाही, हे कोणा जाणकाराने समोर करून दाखवेपर्यंत तसले कॅमेरे डब्यातच राहू देत.