जुन्या ॲम्बेसेडरचा दुसरा गिअर टाकताना खरखरतो. गिअरबॉक्स नागपुरात घरीच उघडून बांधता येईल का?

येईल, पण आधी क्लच तपासा. गाडी उभी असताना रिव्हर्सही खरखरत असेल, तर क्लच पूर्ण सुटत नाहीये आणि गिअरबॉक्स उतरवण्याची मेहनत वाया जाईल. जुन्या मॉडेलमध्ये पहिल्या गिअरला सिंक्रो (गिअर पडण्याआधी फिरत्या भागांचा वेग जुळवणारी यंत्रणा) नसतो, त्यामुळे चालत्या गाडीत तो वाजणारच. फक्त दुसराच वाजत असेल तर सिंक्रो रिंगवर संशय घ्या.

उतरवताना एकट्याने हात घालू नका, बॉक्स जड असतो. गाडीखाली नुसता जॅक नको, भक्कम स्टँड हवेतच. उघडताना प्रत्येक टप्प्याचा फोटो काढा. सिलेक्टर रॉड (गिअर सरकवणारा दांडा) ओढताना त्यावर कापड धरा, नाहीतर स्प्रिंग आणि छर्रा उडून कुठल्या कुठे जातो. पितळी सिंक्रो रिंग गिअरच्या शंकूवर दाबून फिरवून बघा. घट्ट पकडली तर ठीक, सहज घसरली तर बदला. दातांची टोकं बोथट झाली असतील तरीही बदलाच.

खरी कसोटी ले-शाफ्टच्या, म्हणजे ले-गिअर (एकत्र फिरणारा गिअरचा संच) ज्यावर फिरतो त्या दांड्याच्या, सुयांसारख्या बारीक रोलरची. ते ग्रीसने चिकटवायचे आणि ले-गिअरच्या लांबीचा खोटा, तात्पुरता शाफ्ट घालून जागेवर धरायचे. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो, ग्रीस पातळ होतं, रोलर गळतात. हे काम भल्या सकाळीच करा.

बेअरिंग ठोकून बसवू नका, लेथवाल्याकडून प्रेसवर बसवून घ्या. जीएल-५ दर्जाचं गिअर तेल टाळा, त्यातली गंधकयुक्त रसायनं पितळ खाऊ शकतात. ग्रेड मॅन्युअलप्रमाणेच भरा.